उशिराचं कारण

९ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार,

हे घ्या, तुम्हाला हवं तसं, कागदावर. फोनवर चार वेळा सांगून झालं, तरी तुमचं एकच: "बोललेली वेळ कुणी पाळत नाही, लिहिलेली पाळावी लागते." एकतीस वर्षं बसच्या आगारात बसून वेळापत्रकं आखलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? तेव्हा आपल्या युरोपच्या सहलीची आखणी पत्रांनीच होऊन जाऊ दे. सोबत चार पानांचा तक्ता जोडला आहे. जून महिना, चौदा दिवस, पाच गावं, प्रवासी दोन: तुम्ही आणि मी.

आईला मी आधी विचारलं होतं. ती म्हणाली, "चौदा दिवस घरात मी एकटी? आजच न्या त्यांना." त्यामुळे तिची काळजी नको. तुमच्या जावयाला कामामुळे रजा मिळत नाही, हे बोलले होतेच. म्हणून त्याच्याऐवजी तुम्ही. राहण्याची आणि गाड्यांची बरीचशी आरक्षणं झालेली आहेत, त्यामुळे मोठी उलथापालथ करू नका. बारीकसारीक बदल चालतील.

एक विनंती. नववा दिवस आहे तसाच ठेवा. डोंगरातलं तळ्याचं गाव. तिथे बघण्यासारखं काही नाही, पाणी आहे आणि काठावर बाक आहे. पण मला तिथे जायचंच आहे.

इथे काम जोरात. सध्या एका गृहस्थांची वरची कवळी करते आहे. त्यांना नवे दात थोडे वाकडे हवेत, त्यांच्या जुन्या दातांसारखे. आमच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. मला मात्र ते गृहस्थ आवडले.

तुमची,
भिंगरी

*

१७ जानेवारी

चि. भिंगरीस बाबांचा आशीर्वाद,

तक्ता मिळाला. अक्षर चांगलं, रकाने तिरके. पुढच्या वेळी पट्टी वापर.

त्या गावांची नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी आपली नावं ठेवली आहेत. पहिलं कालव्यांचं, दुसरं चेंडूचं (तिथे तू खेळाच्या मैदानाला अडीच तास दिले आहेस, ते का, हे नंतर विचारीन), तिसरं मनोऱ्याचं, चौथं तळ्याचं, आणि पाचव्याला मी नुसतं शेवटचं म्हणतो.

तळ्याच्या गावाबद्दल. जाताना ठीक आहे. परतताना डोंगरातली छोटी गाडी ५:१२ ला सुटते, खालच्या स्टेशनात पोचते, आणि तिथे मोठी गाडी पकडायला तू आठ मिनिटं ठेवली आहेस. आठ! मध्ये दोन फलाट, भुयारी जिना, हातात दोन बॅगा आणि सोबत माझे गुडघे. ५:१२ ची चुकली तर पुढची छोटी गाडी ७:१५ ला, आणि तोवर मोठी गाडी गेलेली. असा दुवा मी माझ्या आगारात शिकाऊ कारकुनालाही लावू दिला नसता.

तू म्हणशील, एखाद्या दिवशी झाला उशीर. बाई गं, उशीर असा नुसता होत नसतो. आमच्याकडे उशिराची वही होती. सुटण्याची वेळ, प्रत्यक्ष सुटल्याची वेळ, किती उशीर, आणि शेवटी कारणाचा रकाना. एकदा एका वाहकाने त्यात लिहिलं, "प्रवाशाशी बोलत होतो." मी लाल पेन्सिलने 'नामंजूर' मारलं आणि त्याला अर्धा तास उभं करून ऐकवलं. बोलणं हे उशिराचं कारण होऊच शकत नाही. बोलणं गाडीत बसूनही होतं.

तेव्हा तळ्याचं गाव नामंजूर. तो दिवस मनोऱ्याच्या गावाला जोडू. तिथे निदान गाड्या दर वीस मिनिटांनी आहेत.

बाबा

ता. क. मी आई. तुझा तक्ता चार दिवस जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो आहोत. यांनी तीन रंगांच्या पेन्सिली नव्याने आणल्या. निवृत्तीनंतर इतके खुशीत मी यांना पाहिलेलं नाही.

*

२४ जानेवारी

आई,

हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे, मुद्दाम. घरी नेऊ नकोस, नेलंस तर पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव.

मंगळवारी कागदांवर सह्या झाल्या. आता आम्ही कायद्यानेही वेगळे. सह्या करून आम्ही दोघं बाहेरच्या पायरीवर दहा मिनिटं उभे होतो, कारण कुणी आधी निघायचं ते कळेना. मग तो म्हणाला, "बाबांना ने सहलीला. माझी जागा मी सोडतो." तो तक्ता आम्ही दोघांनी मिळून केला होता, दीड वर्षापूर्वी. तेव्हा वाटत होतं, हिंडून आलो की सगळं पूर्वीसारखं होईल. हिंडायची वेळच आली नाही.

तो वाईट माणूस नाही, आई. मीही नाही. हेच तर सांगायला अवघड आहे. शेवटची दोन वर्षं एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहिलो. "दूध संपलंय" एवढंच बोलणं उरलं होतं.

आठ महिने तू एकटीने हे पोटात ठेवलं आहेस. अजून थोडे दिवस ठेव. बाबांना मला स्वतः सांगायचं आहे. आणि मला त्यांची भीती वाटते, हे लिहायलाही लाज वाटते आहे. तुला आठवतं ना, काकांच्या मुलीचं लग्न मोडल्याचं कळलं तेव्हा बाबा सगळ्यांसमोर काय म्हणाले होते? "आपल्या आगारातून सुटलेली फेरी रद्द होत नाही." सगळे हसले. मी पळी हातात घेऊन उभी होते आणि तेव्हाही माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत होतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलंच नाही.

म्हणून नववा दिवस. तळ्याचं गाव. तिथे बाकावर बसून सांगणार. आधीच सांगितलं तर ते येणार नाहीत, किंवा येतील आणि चौदा दिवस तोंड मिटून बसतील. निदान आठ दिवस तरी त्यांना सुखाचे मिळू देत. आणि आता त्यांनी नेमका तोच दिवस खोडला आहे.

काय करू?

भिंगरी

*

१ फेब्रुवारी

भिंगरे,

डॉक्टरांनी आज विचारलंच. "बाई, तुमचं टपाल डोळ्यांच्या दवाखान्यात कसं काय येतं?" मी म्हटलं, घरच्या पेटीचं कुलूप बिघडलंय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले, तुझ्यापायी.

सह्यांचं वाचलं. पुढे दोन रुग्णांची नावं मी उलटीसुलटी पुकारली. तू एकटीच पायरीवरून घरी गेलीस, हे मला सहन होत नाही. मी यायला हवं होतं. पुढच्या वेळी असं काही असलं, म्हणजे पुढच्या वेळी असं काही नसूच दे, पण मला आधी सांगत जा.

बाबांची भीती कसली बाळगतेस? तापट नाहीत ते, हट्टी आहेत. पण त्या वाक्याबद्दल तुझं चुकत नाही. मीही ऐकलं होतं. मी भाजीत मीठ दुसऱ्यांदा घातलं त्या दिवशी.

ते काही ओळखतील, याची मात्र चिंता करू नकोस. यांना बसच्या वेळा कळतात, माणसं कळत नाहीत. खिडकीत बुद्धिबळाचा पट अजून मांडलेला आहे. तुझा नवरा (काय म्हणू त्याला आता?) आणि हे पत्राने डाव खेळायचे ना, त्याची चाल सात महिने आलेली नाही. हे रोज सकाळी सोंगट्यांवरची धूळ पुसतात आणि म्हणतात, "जावईबापूंवर कामाचा फार ताण दिसतो." मी स्वयंपाकघरात निघून जाते.

तळ्यासाठी भांड. मुळमुळीत लिहू नकोस.

आई

*

६ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार,

मनोऱ्याच्या गावाला जास्त दिवस नको. मनोरा एका सकाळीत बघून होतो. तळ्याचं गाव परत घ्या.

आठ मिनिटांचं म्हणाल तर मी तुमच्या दोन्ही बॅगा उचलीन. तुमचा हात धरून पळीन. लहानपणी शाळेची बस पकडायला तुम्ही मला खांद्यावर टाकून पळाला होतात, पायातला एक बूट रस्त्यात राहिला होता, आणि आपण पोचलो होतो. आता माझी पाळी.

बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा. कालव्यांच्या गावातून एक दिवस काढा, शेवटच्याला द्या, मी हूं की चूं करणार नाही. तेवढा एक दिवस, बाबा.

भिंगरी

*

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद,

बुटाची गोष्ट बरोबर आहे. पण तो दुवा तीन मिनिटांचा होता आणि मी एकतीस वर्षांचा होतो.

तक्ता पुन्हा वाचला. आता काही प्रश्न. रोज सकाळचा पहिला कार्यक्रम तू १०:१५ ला ठेवला आहेस. तू पाचला उठतेस, मी साडेचारला. सव्वापाच तास आपण काय करायचं, भिंतीकडे बघायचं? चेंडूच्या मैदानात अडीच तास, हे कुणासाठी? तुझ्या शाळेतल्या सामन्यांना तू पुस्तक घेऊन बसायचीस. जुन्या मोटारींच्या संग्रहालयात दोन तास, तुला मोटारीचा पुढचा भाग आणि मागचा भाग एवढाच फरक कळतो. मनोऱ्याला तीनशे बारा पायऱ्या आहेत, मी माहितीपत्रक मागवून मोजल्या. माझे गुडघे तुला ठाऊक असताना तू मला तीनशे बारा पायऱ्या चढवणार? आणि रोज दुपारी चारला कॉफी. आपल्या घरात कॉफी कोण पितं?

हा तक्ता कुणी केला आहे?

तळ्याचं गाव अजूनही नामंजूर. उत्तर सविस्तर पाठव.

बाबा

*

१९ फेब्रुवारी

बाबा,

सविस्तर उत्तर नाही. तक्ता मीच केला, घाईत केला, चुकला असेल. दर रकान्यासाठी मला जबाब द्यायचा असेल तर हे जमणार नाही. आरक्षणं मी सोडून देते. फेरी रद्द समजा.

तुमची
भिंगरी

*

६ मार्च

भिंगरे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र यांनी उभ्याउभ्याच वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि टेबलावरचा तक्ता गुंडाळला. आम्ही पुन्हा टेबलावर जेवायला लागलो, पण मला ते मांडीवरचंच बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी हे माळ्यावर चढले. साठीनंतर माळ्यावर चढणार नाही असं मला वचन दिलेलं आहे, तरी चढले. आगारातल्या जुन्या वह्यांचं खोकं खाली काढलं आणि तेव्हापासून ते वाचताहेत. रोज सकाळी बसतात, दुपारी चष्मा पुसतात, परत बसतात. मी विचारलं काय शोधताय, तर म्हणाले, "मोजतोय."

मी काही बोललेले नाही, तुझ्या गळ्याची शपथ. त्यांनीही मला काही विचारलं नाही. फक्त परवा एवढंच म्हणाले, "तिला झोप नीट लागते का गं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, आणि पातेलं घासायला घेतलं.

फोन उचल.

आई

*

११ मार्च

चि. भिंगरी,

तुझ्या चार ओळींना उत्तर द्यायला मी वीस दिवस लावले. हा माझ्याकडचा उशीर आहे आणि त्याचं कारण पुढे देतो.

तुझी आई म्हणते, मला बसच्या वेळा कळतात, माणसं कळत नाहीत. अर्धं खरं आहे. मला माणसं वेळांतूनच कळतात. सहा वीसच्या गाडीत रुग्णालयाच्या परिचारिका असायच्या, ती दोन मिनिटं लवकर सोडली की तिकडे कुणाची तरी रात्रपाळी लांबायची. एकदा सात चाळीसची गाडी अचानक रिकामी धावायला लागली. मी घरी म्हणालो, गिरणीत काहीतरी बिनसलंय. आठवड्याने गिरणीला टाळं लागलं.

तुझा तक्ता मी तीन वेळा वाचला तो चुका काढायला. चौथ्यांदा वाचला तो त्यात प्रवासी कोण आहेत ते बघायला. दोघं आहेत. एक तू, बाकावर बसून पाणी बघणारी. दुसरा मी नाही. दुसरा सव्वादहाला कामाला लागतो, चेंडूचा खेळ बघतो, जुन्या मोटारींपुढे दोन तास उभा राहतो, पायऱ्या चढतो आणि चारला कॉफी पितो. तो कोण, हे ओळखायला मला पेन्सिल लागली नाही. आणि ज्याची घोड्याची एक चाल सात-आठ महिने येत नाही, त्याची अडचण रजेची नसते.

तू सांगितलं नाहीस, आईनेही सांगितलं नाही. तिला मी विचारलं फक्त तुझ्या झोपेबद्दल. त्यावर तिने जे पातेलं घासायला घेतलं ते आधीच घासलेलं होतं. मग मी पुढे काही विचारलं नाही.

आता मी जेवताना बोललो होतो त्याबद्दल. मला आठवतं. तुझ्या चुलत बहिणीचं कळलं आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, आपल्या आगारातून सुटलेली फेरी रद्द होत नाही. लोक हसले, मला बरं वाटलं. तू पळी घेऊन उभी होतीस. तुझ्या पत्रातले शेवटचे तीन शब्द वाचले तेव्हा कळलं, की माझंच वाक्य मला परत आलं आहे.

ते वाक्य खोटं होतं, भिंगरी. माळ्यावरून वह्या काढल्या आणि मोजलं. एकतीस वर्षांत माझ्या सहीने सहाशे चौदा फेऱ्या रद्द झाल्या. पूल खचला म्हणून, चालकाला ताप भरला म्हणून, चाक डगमगतं म्हणून, धुकं म्हणून. सहाशे चौदा कारणं एकेक करून वाचली, म्हणून वीस दिवस लागले. रद्द केलेल्या एकाही फेरीत कुणाला खरचटलेलं नाही.

एक फेरी मात्र रद्द करायला हवी होती आणि मी केली नाही. ती तुला कधी सांगितली नाही. चालक येऊन म्हणाला, "साहेब, ब्रेक नरम लागतोय." मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, "वेळ झाली, सोड." तिसऱ्या वळणावर गाडी भिंतीवर गेली. माणसं वाचली. त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. अजून बाजारात भेटतो, मला डाव्या हाताने नमस्कार करतो, आणि मला दर वेळी वाटतं की जमिनीत शिरावं.

ब्रेक नरम लागतोय हे चालवणाऱ्यालाच कळतं. कचेरीत बसलेल्याला कळत नाही, घरी टेबलाशी बसलेल्या बापाला तर मुळीच नाही. तुला कळलं आणि तू गाडी थांबवलीस. तू भिंतीपर्यंत गेली नाहीस, याचा मला आनंद आहे. माझ्या वाक्याच्या धाकाने तू आणखी दोन वळणं गेली असतीस, तर मी काय केलं असतं, हा विचार मला या वीस दिवसांत रोज आला.

कारण मी विचारणार नाही. तुझ्या वहीतला तो रकाना तू हवा तेव्हा भर, नाहीतर कोरा ठेव. जावई माणूस चांगला होता, अजूनही असेल. त्याला कार्ड टाकलं आहे: डाव बरोबरीत सोडवतो, प्रकृतीला जप. पट आवरून ठेवला.

आता सहल. फेरी रद्द नाही, मार्गात बदल. तू आरक्षणं अजून सोडली नसशील, तू रागात लिहितेस आणि मग तीन दिवस काही करत नाहीस, हे लहानपणापासून आहे. नवा तक्ता सोबत आहे, पट्टीने आखलेला. चेंडूचं गाव काढलं. त्याऐवजी कालव्यांच्या गावात एक दिवस वाढवला, तिथे पहाटे साडेपाचला होडीतून टपाल वाटतात म्हणे, ते आपल्याला बघता येईल. मनोरा खालून बघायचा. चारला चहा.

आणि नववा दिवस, तळ्याचं गाव, परत घेतलं आहे. त्या एका बाकासाठी तू इतकी भांडलीस, तेव्हा तिथे मला काहीतरी सांगायचं तुझ्या मनात होतं, हेही माझ्या उशिराच लक्षात आलं. आता सांगण्याचं ओझं उरलं नाही. तेव्हा नुसते बसू. परतीचा आठ मिनिटांचा दुवा मला अजूनही पसंत नाही. ५:१२ म्हणजे ५:१२. मी पाच वाजता उठून उभा राहीन.

तुझा
बाबा

*

२० मार्च

बाबा,

तुमचं पत्र मी कामाच्या जागी उघडलं, ही चूक झाली. तोंडावर प्लास्टरची पूड होती, त्यावरून डोळ्यांचं पाणी आलं आणि गालावर दोन पांढऱ्या रेघा वाळून बसल्या. साहेब म्हणाले, "आता काय स्वतःच्या तोंडाचा साचा घेताय का?" मी बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले.

आरक्षणं सोडली नव्हती. तुम्ही म्हणालात तेच, तीन दिवस काही केलं नाही आणि मग धीर झाला नाही.

मी ठरवलं होतं की तुम्हाला आठ दिवस सुखाचे द्यायचे आणि नवव्या दिवशी सांगायचं. तुम्ही मला चौदाच्या चौदा दिलेत. गेले दहा महिने मी कुठलीही गोष्ट करताना आधी तुमचं तोंड डोळ्यांपुढे आणायचे, आणि ते तोंड रागावलेलं असायचं. पत्र वाचल्यापासून ते रागावलेलं दिसत नाही. काल रात्रभर झोपले. आईला सांगा.

त्या चालकाचं वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी बाजारात भेटले तर माझाही नमस्कार सांगा त्यांना, डाव्या हाताला.

नवा तक्ता मंजूर. कॉफी काढल्याबद्दल विशेष आभार, मला ती कधीच आवडत नव्हती. मी पीत होते.

कारणाचा रकाना कोरा ठेवायचा नाही मला. भरीन. पण लिहून नाही, बाबा. बाकावर, बोलून. तुमचा नियम तेवढा एकदा मोडूया.

आणि हो, वाकड्या दातांचे ते गृहस्थ काल कवळी घालून आरशात बघत राहिले आणि म्हणाले, "हां, हा मीच." मग पावलापावलाला थांबून खिडक्यांच्या काचांत बघत गेले.

भिंगरी

*

१३ जून

(कार्ड, पाठीवर तळ्याचं चित्र. मध्ये पट्टीने मारलेली रेघ.)

आई,

रेघेच्या वरची जागा माझी, खालची बाबांची, असं ठरलं आहे. आम्ही खालच्या स्टेशनासमोरच्या एका छोट्या लॉजवर आहोत, इथे मुक्काम करायचा नव्हता पण केला. खिडकीतून फलाट दिसतो, त्यामुळे बाबा सुखात आहेत. बाबांच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, माझे मात्र बॅगा उचलून खांदे भरून आले. मी छान आहे, आई. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरंच आहे. बाकीचं बाबा लिहितील.

भिंगरी

दिवस नववा. तळ्याचं गाव. सुटण्याची वेळ ५:१२. गाडी वेळेवर आली आणि वेळेवर सुटली, बाकापासून चाळीस पावलांवर, माझ्या डोळ्यांदेखत. मी घड्याळ पाहिलं होतं. उठलो नाही. प्रत्यक्ष सुटलो ७:१५. पुढची मोठी गाडी हुकली. उशीर: दोन तास तीन मिनिटं.

कारण: मुलगी बोलत होती.

मंजूर.